ज्याचं बदक बघायला पॅरिसने तिकीट काढलं, त्यालाच विणकरांनी दगड मारून पळवलं

गणपतीत हलता देखावा बघायला माणसं तास-तास रांगेत उभी राहतात. समोर पुतळा मान वळवतो, हात उचलतो, एखादा राक्षस डोळे गरागरा फिरवतो. आत मोटर आहे, पट्टा आहे, मागे बसलेला कार्यकर्ता बटण दाबतोय, हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही बापाच्या खांद्यावर बसलेलं पोरगं डोळे मोठे करून बघत राहतं. खरं सांगायचं तर बापही बघत राहतो.

आजकाल तशीच गर्दी कॉलेजच्या टेकफेस्टमध्ये दिसते. कुणी घरच्या गॅलरीत बसून नाचणारा रोबो बनवलेला असतो, कुणी चहाचा कप आणून देणारा. याचा उपयोग काय, असं तिथे कुणी विचारत नाही. मजा येते, एवढं पुरेसं असतं.

पण हाच रोबो उद्या कारखान्यात आपल्या जागेवर येऊन उभा राहिला तर? मग टाळ्या थांबतात.

हा प्रश्न आजचा वाटतो, पण तो जवळपास तीनशे वर्षं जुना आहे. टाळ्या आणि दगड हे दोन्ही ज्याच्या वाट्याला आलं असा एक माणूस अठराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेला. वीज नव्हती, मोटर नव्हती, बॅटरी नव्हती. तरी त्याने बासरी वाजवणारा माणूस बनवला, दाणे खाणारं बदक बनवलं आणि अख्ख्या युरोपाला वेड लावलं.

त्याचं नाव जाक द वोकांसाँ.

भिंतीच्या फटीतून दिसलेलं घड्याळ

वोकांसाँचा जन्म २४ फेब्रुवारी १७०९ चा. गाव ग्रनोबल, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी. वडील हातमोजे शिवणारे कारागीर. ग्रनोबलचे चामड्याचे हातमोजे तेव्हाही नावाजलेले होते. घरात मुलं भरपूर, वोकांसाँ हा दहावा. वडील तो लहान असतानाच गेले आणि सगळं आईवर येऊन पडलं.

आई फार देवभोळी होती. त्याच्या लहानपणाचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. आई पूजाअर्चेसाठी जिथे जायची तिथे पोराला सोबत न्यायची. मोठ्यांची बोलणी चालू असली की त्याला वेळ घालवायला काही नसायचं. लाकडी भिंतीच्या फटीतून पलीकडच्या खोलीतलं एक घड्याळ दिसायचं. पोरगं त्या फटीला डोळा लावून बसायचं. घड्याळाचा लंबक एका ठरावीक गतीनेच का हलतो, काटे पळत का सुटत नाहीत, याचा विचार करत बसायचं. आणि एक दिवस त्याचं कोडं आपोआप सुटलं. मग त्याने घरी लाकडाचं एक घड्याळ करून पाहिलं, आणि ते बऱ्यापैकी चाललं, असं म्हणतात.

किस्सा थोडा रंगवलेला असेलही. पण पोराचा ओढा कुठे होता, ते त्यातून कळतं.

तरी शिक्षण झालं ते धर्माचंच. आधी जेझुइट पाद्र्यांकडे शिकला, मग ल्योन शहरात मिनिम नावाच्या संन्यासी पंथात दाखल झाला. त्या काळात गरिबाघरच्या हुशार मुलाला शिकायचं असेल तर चर्च हाच मोठा आधार होता. अंगात झगा आला, पण डोक्यातली चाकं काही थांबली नाहीत.

जेवण वाढणारे पुतळे आणि मोडलेली कार्यशाळा

ल्योनमध्ये असताना एका सरदाराने त्याला यंत्रं बनवायला पैसे दिले, म्हणून त्याने स्वतःची छोटी कार्यशाळा थाटली. साल १७२७ च्या सुमारास त्याच्या पंथाचा एक वरिष्ठ अधिकारी तिथे येणार होता. अठरा वर्षांच्या वोकांसाँने ठरवलं की पाहुण्यांना खूश करायचं. त्याने जेवण वाढणारे आणि ताटं उचलणारे यांत्रिक पुतळे तयार केले.

पाहुणे जेवले. पण नंतर तो प्रकार देवाधर्माच्या विरोधात आहे असं ठरलं आणि कार्यशाळा मोडून टाकायचा हुकूम निघाला.

आज हे हास्यास्पद वाटेल. पण तेव्हाच्या लोकांच्या मनात खरोखरच एक भीती होती. माणसात जीव देव घालतो. मग लाकूड-लोखंडाचा पुतळा स्वतःहून हात हलवायला लागला, तर जीव म्हणजे नेमकं काय? त्याच्या आधीच्या शतकात देकार्त या तत्त्वज्ञाने प्राण्यांचं शरीर हे एक प्रकारचं यंत्रच आहे, असं मांडलं होतं. त्यावर विद्वानांमध्ये वाद पेटलेला होता. त्या वादात हा पोरगा थेट नमुनाच घेऊन उभा राहिला होता.

वोकांसाँने पंथ सोडला आणि पॅरिस गाठलं. तिथे त्याने शरीरशास्त्राचा अभ्यास केला. क्लोद-निकोला ल कॅ नावाच्या शल्यचिकित्सकाकडून माणसाचं शरीर आतून कसं चालतं ते समजून घेतलं. फुफ्फुसं, रक्ताभिसरण, पचन, सगळं. यंत्राच्या मदतीने शरीर समजावून सांगायचं, ही कल्पना त्याच्या डोक्यात पक्की बसली.

पण कल्पनेला पैसे लागतात. त्याच्यावर कर्ज झालं, मध्येच मोठं आजारपण आलं. आणि त्याच काळात त्याने ठरवलं की असं काहीतरी बनवायचं जे बघायला लोक खिशातून पैसे काढतील.

लाकडाचा बासरीवाला

पॅरिसच्या तुइलरी बागेत कोयझवो या शिल्पकाराने घडवलेला एक संगमरवरी पुतळा होता. बासरी वाजवणारा. तोच वोकांसाँने नमुना म्हणून घेतला. तसाच माणसाच्या उंचीचा लाकडी पुतळा केला, त्याला संगमरवरासारखा पांढरा रंग दिला आणि एका चौथऱ्यावर बसवला.

११ फेब्रुवारी १७३८ ला पॅरिसमधल्या एका हवेलीत त्याचं प्रदर्शन सुरू झालं. तिकीट होतं ३ लिव्र. म्हणजे साध्या मजुराची काही दिवसांची कमाई. त्यामुळे आत जाणारे बहुतेक पैसेवाले होते. त्यांना थोड्या थोड्या जणांच्या गटाने आत सोडलं जायचं.

आत गेलेल्यांना आधी वाटलं की ही फसवणूक आहे. पुतळा नुसती बोटं हलवत असणार आणि आत कुठेतरी संगीतपेटी लपवलेली असणार. कारण तोपर्यंत अशा पुतळ्यांचा प्रकार तसाच असायचा.

इथे तसं नव्हतं. पुतळा खरोखर बासरी वाजवत होता. त्याच्या तोंडातून हवा येत होती, ती हवा बासरीच्या छिद्रावर पडत होती आणि बोटं छिद्रं बंद-उघड करत होती. बासरी काढून घेतली तर सूर बंद.

हे किती अवघड आहे ते आडवी बासरी हातात धरलेल्या कुणालाही विचारा. पहिले कित्येक दिवस नुसती हवाच निघते. ओठ किती उघडायचे, बासरीपासून किती लांब ठेवायचे, फुंकर किती जोरात मारायची, हे सगळं जमून आलं तरच सूर लागतो. वरच्या पट्टीत जायचं तर फुंकर बदलावी लागते. नुसती बोटं हलवून भागत नाही.

वोकांसाँने नेमकं हेच यंत्रात उतरवलं होतं. चौथऱ्याच्या आत एक वजन हळूहळू खाली उतरायचं, जुन्या भिंतीवरच्या घड्याळात उतरतं तसं. त्याच्या जोरावर यंत्र चालायचं. आत ९ भाते होते. लोहाराच्या भात्याची छोटी आवृत्ती समजा. त्या भात्यांचे तीन गट केले होते आणि प्रत्येक गटावर वेगळं वजन ठेवलं होतं. म्हणजे हलकी फुंकर, मध्यम फुंकर आणि जोराची फुंकर. ही हवा तीन नळ्यांमधून वर छातीपर्यंत जायची आणि तिथून तोंडात.

या सगळ्याला हुकूम द्यायचा तो एक लाकडी दंडगोल. त्यावर ठरावीक जागी खिळे ठोकलेले होते. दंडगोल फिरला की खिळे १५ तरफांना वर उचलायचे. त्यातल्या ७ तरफा बोटांच्या, ३ हवेच्या, ४ ओठांच्या आणि १ जिभेची. ओठ उघडायचे, मिटायचे, पुढे यायचे, मागे जायचे. जीभ हवा अडवायची आणि सोडायची. लाकडाच्या बोटांनी छिद्रं नीट बंद होत नव्हती, म्हणून बोटांना चामडं लावलं होतं. हातमोजे शिवणाऱ्याच्या पोराला ते सुचलं यात नवल नाही.

पुतळा १२ वेगवेगळ्या धून वाजवायचा.

३० एप्रिल १७३८ ला वोकांसाँने या यंत्राची सगळी माहिती फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. अकादमीने ते मान्य केलं. त्याने ही माहिती पुस्तिका म्हणून छापलीसुद्धा. म्हणजे आत काय आहे ते लपवलं नाही, उलट सगळ्यांना सांगून टाकलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या यंत्रात त्याने नेमकं याच्या उलट केलं.

आणि मग आलं बदक

कितीही भारी खेळ असला तरी लोक कंटाळतात. बासरीवाल्याची गर्दी कमी व्हायला लागली, तसे त्याने आणखी दोन नग आणले.

एक होता पावा आणि ढोलकं एकत्र वाजवणारा. एका हाताने तीन छिद्रांचा छोटा पावा, दुसऱ्या हाताने ढोलकं. हे काम बासरीपेक्षाही कठीण निघालं. ते करता करता वोकांसाँच्या लक्षात आलं की या पाव्यात खालचा सूर काढायला जेमतेम एका औंसाचा दाब पुरतो, पण सगळ्यात वरच्या सुराला तब्बल ५६ पौंडांचा दाब लागतो. वाजवणाऱ्याच्या छातीवर किती ताण येतो, हे त्याआधी कुणी असं मोजलं नव्हतं. खेळणं बनवताना माणसाच्या शरीराबद्दलच नवीन काहीतरी कळत होतं.

दुसरा नग म्हणजे बदक. सोन्याचा मुलामा दिलेलं तांब्याचं बदक. ते मान लांब करून प्रेक्षकाच्या हातातले दाणे खायचं, पाणी प्यायचं, पाण्यात चोच मारून ते उडवायचं, पंख फडफडवायचं, क्वॅक क्वॅक करायचं. एकेका पंखात ४०० च्या वर हलणारे भाग होते. बदकाच्या अंगाला मुद्दाम भोकं ठेवली होती, म्हणजे लोकांना आतली यंत्रणा दिसावी.

आणि दाणे खाल्ल्यावर थोड्या वेळाने ते बदक शिटायचं.

होय, पॅरिसमधले मोठमोठे सरदार आणि त्यांच्या बायका तिकीट काढून एका तांब्याच्या बदकाला शिटताना बघत होते आणि टाळ्या वाजवत होते. दाणे पोटात जातात, तिथे ते विरघळतात आणि नळ्यांमधून मागे जातात, असं वोकांसाँचं म्हणणं होतं. यंत्राला पचन करता येतं, हा दावा लहान नव्हता.

वॉल्तेरसारख्या लेखकाने त्याची तुलना देवांकडून अग्नी आणणाऱ्या प्रॉमिथियसशी केली. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने त्याला आपल्या दरबारी बोलावलं. वोकांसाँने नकार दिला. पुढे दीदरो आणि दालाँबेर यांच्या गाजलेल्या विश्वकोशात बासरीवाल्याची आणि बदकाची सविस्तर माहिती छापून आली. तिथे बासरीवाल्याची नोंद ज्या शब्दाखाली आहे तो शब्द म्हणजे अँड्रॉइड. आपल्या खिशातल्या फोनवर असतो तोच.

राजाने दिलेली नोकरी

१७४१ साली गोष्टीला वळण मिळालं. फ्रान्सचा कारभार तेव्हा कार्डिनल फ्लरी बघत होता. त्याने विचार केला असणार की लाकडाला बासरी वाजवायला लावणारा माणूस बदकं कशाला बनवत बसलाय? त्याला देशाच्या कामाला लावू. वोकांसाँला रेशीम उद्योगाचा सरकारी निरीक्षक नेमलं गेलं.

रेशीम हा फ्रान्सचा मोठा धंदा होता आणि ल्योन हे त्याचं केंद्र. पण चांगलं रेशीम इटलीत, विशेषतः पिडमाँट भागात तयार व्हायचं आणि त्यात फ्रान्स मागे पडत होता. वोकांसाँने जाऊन पाहणी करायची, काय चुकतंय ते शोधायचं आणि सुधारायचं, असं काम होतं.

१७४३ मध्ये त्याने आपले तिन्ही खेळ ल्योनच्या व्यापाऱ्यांना विकून टाकले. ते त्यांनी युरोपभर फिरवले. वोकांसाँने मात्र पुन्हा बदकाकडे वळून पाहिलं नाही.

आता त्याच्यासमोर पुतळे नव्हते, जिवंत माणसं होती. आणि गडबड इथेच झाली.

ल्योनमधली दगडफेक

ल्योनमधल्या विणकरांची परिस्थिती समजून घेतली पाहिजे. तिथे घरोघरी माग होते. मागाचा मालक स्वतः विणकर असायचा, बायकापोरं सोबत राबायची. पण कच्चं रेशीम आणि तयार मालाची विक्री हे सगळं मोठ्या व्यापाऱ्यांच्या हातात. थोडक्यात विणकर नावाला मालक, प्रत्यक्षात व्यापाऱ्याच्या दरावर जगणारा. इचलकरंजी किंवा भिवंडीत मजुरीवर यंत्रमाग चालवणाऱ्या माणसाला हे चित्र वेगळं सांगायला नको.

विणकरांना आपला माल स्वतः विकायची मुभा हवी होती. व्यापाऱ्यांना ती द्यायची नव्हती. या भांडणात १७४४ साली नवे नियम आले. ते तयार करण्यात वोकांसाँचा हात होता आणि त्यांचं पारडं व्यापाऱ्यांच्या बाजूला झुकलेलं होतं.

ऑगस्ट १७४४ मध्ये ल्योन पेटलं. विणकर काम सोडून रस्त्यावर उतरले. वोकांसाँ शहरातच होता. लोकांनी त्याला गाठून दगड मारले. जीव वाचवायला तो रात्री शहरातून पळाला. पळताना त्याने अंगावर काय घातलं होतं? मिनिम संन्याशाचा झगा. तरुणपणी ज्या पंथाने त्याचे पुतळे अधर्म म्हणून मोडले, त्याच पंथाच्या वेशात त्याला सुटका करून घ्यावी लागली.

शहराच्या अधिकाऱ्यांनी घाबरून नियम मागे घेतले. पण पुढच्या वर्षी सरकारने सैन्य आणलं आणि तेच नियम परत लागू केले.

ही गोष्ट अनेकदा चुकीच्या पद्धतीने सांगितली जाते. विणकर अडाणी होते, त्यांना यंत्र कळलं नाही, म्हणून त्यांनी एका शास्त्रज्ञाला दगड मारले, अशी. पण त्याचा प्रसिद्ध यांत्रिक माग तोपर्यंत तयारही झाला नव्हता. विणकरांचा राग आधी होता तो नियमांवर. आपल्या धंद्याचा निर्णय आपल्याला न विचारता झाला, याचा. त्यात हा माणूस यंत्रं बनवतो हे माहीत असल्यामुळे उद्या आपलं काय, ही धास्तीही असणारच.

बासरीवाल्या पुतळ्यामुळे कुणा बासरीवाल्याची भाकरी गेली नव्हती. इथे भाकरीचाच प्रश्न होता.

गाढवाने विणलेलं कापड

वोकांसाँला हा अपमान झोंबला. त्याने सूड म्हणून गाढवाने चालणारा एक माग बनवला आणि त्यावर फुलाफुलांचं कापड विणून दाखवलं, अशी गोष्ट त्याच्याबद्दल सांगतात. तुमच्या कसबाचा एवढा गर्व आहे ना, मग हे बघा, गाढवही विणू शकतं, असा त्यातला खोचक अर्थ. विनोद म्हणून ठीक, पण ज्याचं हातावर पोट आहे त्याला त्यावर हसू येणार नाही.

खरा माग त्याने १७४५ मध्ये पूर्ण केला, आणि तो त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम ठरला.

हे काम समजायला आधी नक्षीचं कापड कसं विणतात ते बघू. मागावर उभे धागे ताणलेले असतात, तो ताणा. त्यातून धोटा आडवा धागा घेऊन जातो, तो बाणा. साधं कापड असेल तर एक सोडून एक धागा वर उचलला की झालं. पण मोर किंवा फूल विणायचं असेल तर प्रत्येक वेळी वेगवेगळे धागे वर उचलावे लागतात. त्यासाठी ल्योनमध्ये विणकराच्या जोडीला आणखी एक माणूस लागायचा. बहुतेकदा एखादी मुलगी किंवा बाई. ती मागाच्या बाजूला उभी राहून ठरावीक दोर ओढायची, धागे वर धरायची, मग विणकर धोटा टाकायचा. असं दिवसभर. शरीर मोडून टाकणारं काम आणि एक दोर चुकला की नक्षी बिघडली.

याच्यावर उपाय शोधायचं काम आधीच सुरू झालं होतं. १७२५ मध्ये ल्योनच्या बाझिल बूशों याने भोकं पाडलेल्या कागदाच्या पट्टीची युक्ती काढली. जिथे भोक तिथे सुई आत जाणार, जिथे भोक नाही तिथे ती अडणार. त्यावरून कोणता धागा उचलायचा ते ठरणार. बूशोंचे वडील ऑर्गन बनवणारे होते, आणि खिळ्यांच्या दंडगोलावर चालणारी वाद्यं त्याच्या ओळखीची होती. काही वर्षांनी फाल्कों याने कागदाऐवजी पुठ्ठ्याची कार्डं वापरली. पण दोघांच्याही मागाला मदतनीस लागायचाच.

वोकांसाँने ही सगळी यंत्रणा उचलून मागाच्या डोक्यावर ठेवली आणि भोकांच्या फिरत्या दंडगोलाला जोडली. दोर ओढणाऱ्या मदतनिसाची गरज संपली.

जरा मागे जाऊन आठवा. बासरीवाल्याच्या चौथऱ्यात काय होतं? फिरणारा दंडगोल आणि त्यावरचे खिळे. मागाच्या डोक्यावर काय होतं? फिरणारा दंडगोल आणि त्यावरची भोकं. कल्पना एकच. काय करायचं ते आधी एका जागी नोंदवून ठेवायचं आणि यंत्राने ते वाचून तसं वागायचं. खिळे बदलले की धून बदलते, भोकं बदलली की नक्षी बदलते. आपण आज त्याला प्रोग्राम म्हणतो.

पण हा माग चालला नाही. दंडगोल बनवणं महाग होतं. त्याच्या घेरावर मावेल तेवढीच नक्षी विणता यायची, मोठं डिझाइन जमायचं नाही. विणकरांना तो नको होता आणि व्यापाऱ्यांनाही परवडणारा नव्हता. तो तसाच पडून राहिला.

उरलेली वर्षं

१७४६ मध्ये वोकांसाँ विज्ञान अकादमीचा सदस्य झाला. त्यानंतरची पस्तीसहून जास्त वर्षं त्याने यंत्रांमध्येच घालवली. दक्षिण फ्रान्समधल्या ओबना गावी त्याच्या यंत्रांवर रेशमाचा कारखाना उभा राहिला. एकसारख्या कड्यांची साखळी बनवणारं यंत्र त्याने केलं. १७५१ च्या सुमारास त्याने संपूर्ण धातूचं लेथ मशीन तयार केलं. त्यात कापणारं हत्यार हाताने धरावं लागत नव्हतं, ते सरकत्या पट्टीवर घट्ट बसवलेलं होतं. त्यामुळे काम बरोबर मापाचं व्हायचं. नंतर जे कारखाने उभे राहिले त्यांच्या मुळाशी अशी लेथ मशीनं आहेत, हे वर्कशॉपमध्ये काम केलेला कुणीही सांगेल.

एक स्वप्न मात्र राहून गेलं. माणसाच्या शरीरातलं रक्ताभिसरण, श्वास, पचन, सगळं दाखवणारा पुतळा त्याला करायचा होता. राजा पंधरावा लुई यालाही त्यात रस होता. पण शिरांसारख्या लवचीक नळ्या करायला रबर हवं होतं, आणि ते तेव्हा युरोपात सहज मिळणारं नव्हतं. पुतळा झालाच नाही.

२१ नोव्हेंबर १७८२ ला वयाच्या ७३ व्या वर्षी पॅरिसमध्ये तो वारला. आपली सगळी यंत्रं त्याने राजा सोळावा लुई याच्या नावे केली.

बदकाचं गुपित

त्याच्या मृत्यूच्या आसपासच बदकाचं पितळ उघडं पडलं. जर्मन लेखक फ्रीडरिश निकोलाई याने बदक नीट तपासलं आणि १७८३ मध्ये जाहीर करून टाकलं. दाणे पोटात विरघळत नव्हतेच. ते चोचीखालच्या भागातच साठून राहायचे. मागून जे बाहेर पडायचं ते आधीच तयार करून एका वेगळ्या कप्प्यात भरलेलं असायचं. एवढा गाजावाजा झाला तो पचनाचा, आणि नेमकं तेच खोटं होतं.

विचार केला तर वाईट वाटतं. एका पंखात ४०० भाग बसवणारा माणूस. पाणी पिणं, मान वळवणं, फडफडणं सगळं खरं. पण त्याला माहीत होतं की गर्दी नुसत्या पंखांसाठी येणार नाही. लोकांना चमत्कार हवा होता, तो त्याने एका कप्प्यात भरून ठेवला.

१८०५ मध्ये कवी गटे हे पुतळे बघायला हेल्मश्टेट या गावी गेला. ते तिथल्या एका संग्राहकाकडे होते. बासरीवाला मुका झाला होता. बदकाचा नुसता सांगाडा उरला होता. पुढे तिन्ही मूळ खेळ काळाच्या ओघात नाहीसे झाले. आज त्यांच्या प्रतिकृती आणि चित्रं बघायला मिळतात.

न चाललेला माग मात्र चालला

वोकांसाँची यंत्रं ज्या संग्रहात होती, तो संग्रह फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९४ मध्ये स्थापन झालेल्या तंत्रकला संस्थेकडे गेला. पॅरिसमध्ये तिचं संग्रहालय अजूनही आहे आणि वोकांसाँचं लेथ मशीन तिथे आजही बघता येतं.

काही वर्षांनी ल्योनचाच एक माणूस त्या संस्थेत आला. त्याला तिथे वोकांसाँचा जुना, मोडकळीस आलेला माग सापडला. त्याने तो जुळवून पाहिला. वोकांसाँची डोक्यावरची यंत्रणा घेतली, फाल्कोंची पुठ्ठ्याची कार्डं घेतली आणि दोन्ही एकत्र केलं. कार्डं एकमेकांना शिवून हवी तेवढी लांब माळ करता येत होती, म्हणजे नक्षीला घेराची मर्यादा उरली नाही. साल १८०४. त्या माणसाचं नाव जोझेफ मारी जाकार.

आपल्याकडचे विणकर ज्याला जॅकार्ड म्हणतात ते हेच. येवल्यात पैठणीचा काठ विणणाऱ्या मागाच्या डोक्यावर जी भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ फिरताना दिसते, तिची वंशावळ अशी पॅरिसच्या त्या अडगळीपर्यंत जाते.

आणि ती तिथेच थांबत नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने हीच भोकांची कार्डं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. जाकारचं रेशमात विणलेलं एक चित्र त्याने जपून ठेवलं होतं, जे विणायला २४,००० कार्डं लागली होती. पुढे विसाव्या शतकात कॉम्प्युटरला माहिती पुरवली जायची ती बराच काळ अशाच भोकांच्या कार्डांवरून.

जे बघायला लोकांनी पैसे मोजले ते बदक गेलं. जे कुणालाच नको होतं ते उरलं. पण म्हणून दगड मारणारे मूर्ख होते असं होत नाही. जाकारचा माग आल्यावर ल्योनमधून दोर ओढणाऱ्या मुलींचं काम खरोखरच गेलं. ते कष्टाचं होतं, शरीर मोडणारं होतं, पण त्यावर कुणाचं तरी घर चालत होतं. पुढे त्यांचं काय झालं, हे वोकांसाँच्या कुठल्याही यंत्राच्या पाटीवर लिहिलेलं नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी टेकफेस्टमध्ये एखादा नाचणारा रोबो दिसला, तर टाळ्या नक्की वाजवा. बनवणाऱ्याने कुठेतरी रात्री जागून ते केलेलं असतं. फक्त आतला दंडगोल फिरताना एकदा नीट बघून ठेवा. कारण तोच उद्या कुठल्या मागावर जाऊन बसेल, सांगता येत नाही.